गेज ८ बार दाखवतंय, मग नट का सुटत नाही?

पावसाळा लागला की सातारा-सांगली पट्ट्यातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास वाढते. हवेची गन मारत नाही. एप्रिलमध्ये जी गन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट झटक्यात सोडायची, ती जुलैत त्याच नटावर नुसती फिरल्यासारखं करते. टाकीवरच्या गेजचा काटा तर ८ बारवर ठाम असतो. मग 'गन गेली' असं ठरतं. ती दुरुस्तीला जाते, आतल्या पट्ट्या बदलून परत येते, थोडे दिवस बरी चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

याचं कारण असं की बहुतेक वेळा दोष गनमध्ये नसून तिच्यापर्यंत येणाऱ्या हवेत असतो. हवा कमी येते, ओली येते, कचरा घेऊन येते किंवा तिच्यासोबत वंगण येत नाही. गन खोलण्याआधी हवा तपासली तर दुरुस्तीचा बराच खर्च वाचतो. तपासणी अवघड नाही, फक्त तिचा क्रम ठरलेला असावा लागतो.

## हवेचे दोन आकडे

पहिला आकडा दाबाचा. टायरवाले तो पौंडांत सांगतात, कॉम्प्रेसरवर तो बारमध्ये असतो. १ बार म्हणजे साधारण साडेचौदा पौंड. इम्पॅक्ट गन (ठोके देऊन नट सोडणारी-आवळणारी हवेची गन), ग्राइंडर, सँडर, चिपिंग हॅमर ही बहुतेक हत्यारं ९० पौंडांवर, म्हणजे सुमारे ६.२ बारवर चालण्यासाठी बनवलेली असतात. हा दाब हत्याराच्या तोंडाशी आणि हत्यार चालू असताना मिळायला हवा. सगळी गोम या दोन अटींत आहे.

दुसरा आकडा मात्रेचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा लागते त्याचा. याला सीएफएम म्हणतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. पिस्टनच्या कॉम्प्रेसरकडून दर एचपीमागे प्रत्यक्षात ३ ते ४ सीएफएम मिळतात असा ढोबळ हिशोब धरावा. पाटीवरचा आकडा पुष्कळदा याहून मोठा असतो, कारण तो पिस्टनने ओढलेल्या हवेचा असतो. बाहेर पडणारी हवा त्यापेक्षा बरीच कमी असते. घेताना 'प्रत्यक्ष हवा किती देतो' हे विचारून घ्यावं.

हत्याराच्या बाजूनेही असाच घोळ आहे. अर्ध्या इंची, म्हणजे पुढचा चौकोनी दांडा अर्ध्या इंचाचा असलेल्या, गनच्या माहितीपत्रकात '४-५ सीएफएम' लिहिलेलं दिसतं. ती सरासरी असते: थोडा वेळ गन चालते, बाकीचा वेळ माणूस पुढच्या नटाकडे वळतो, हे धरून काढलेली. घोडा सतत दाबून ठेवला तर तीच गन मिनिटाला वीसेक घनफूट ओढते. २२० लिटरची टाकी ८ बारवरून ६ वर येईपर्यंत ४४० लिटर, म्हणजे साडेपंधरा घनफूट हवा देते. म्हणजे एकट्या टाकीच्या जिवावर गन पाऊण मिनिट चालेल. चाकाचे नट सोडायला तेवढं पुरतं. ग्राइंडर मात्र पाच-पाच मिनिटं सलग चालवायचा असतो, आणि तोही वीसच्या आसपास सीएफएम घेतो. २ एचपीच्या कॉम्प्रेसरवर ग्राइंडर दमतो तो यामुळे. त्या जोडीत ग्राइंडरचा काही दोष नसतो.

पाचगणी-महाबळेश्वरकडच्या गॅरेजवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुमारे १,३०० मीटर उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे तोच कॉम्प्रेसर सखल भागापेक्षा दहा-बारा टक्के कमी हवा देतो. सांगलीत पुरणारं यंत्र तिथे जेमतेम ठरू शकतं.

## टाकीवर ८, गनपाशी किती?

नदीवरून दोन-तीन किलोमीटर पाइपलाइन नेऊन ऊस भिजवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. मोटरीपाशी गेज जोरात दिसतो, पण शेवटच्या तुषारापाशी पाणी कारंज्याऐवजी नुसतं ओघळतं. कॉक बंद केला की मात्र शेवटच्या टोकालाही पूर्ण दाब चढतो. हवेचंही तसंच आहे. हवा वाहत नसते तेव्हा टाकीपासून गनपर्यंत दाब सारखाच असतो. घोडा दाबला, हवा धावू लागली, की नळी, कपलिंग, फिल्टर असे सगळे वाटेत आपापला वाटा खातात.

म्हणून पहिली तपासणी अशी करावी. पाव इंची टी (तीन तोंडांचा जोड), एक छोटा गेज आणि दोन निपल घ्या. टी गनच्या तोंडाशी बसवा. घोडा न दाबता गेज वाचा, मग घोडा पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद धरा आणि चालू असतानाच पुन्हा वाचा. चालू गनवर ६ बार दिसले तर हवा बरोबर आहे, दोष गनमध्ये शोधा. काटा साडेचार-पाचवर घसरला तर गन न खोलता नळीकडे वळा. दोन वाचनांत १ बारापेक्षा जास्त फरक पडत असेल तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

अडथळा कुठे आहे हे त्याच गेजने सापडतं. तो पहिल्यांदा फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावा, मग नळीच्या सुरुवातीला, मग गनपाशी. ज्या दोन जागांमध्ये दाब एकदम पडतो तिथे खोड आहे.

कॉम्प्रेसरच्या प्रेशर स्विचचाही यात वाटा असतो. पुष्कळ यंत्रं ८ वर बंद होतात आणि ६ वर आल्यावरच पुन्हा सुरू होतात. म्हणजे काम ऐन रंगात असताना टाकीतच ६ असतात आणि नळीने एक खाल्ला की गनला ५ मिळतात. 'गन कधी मारते, कधी मारत नाही' ही तक्रार असेल तर या दोन आकड्यांकडे आधी बघावं.

## ८ मिमीची नळी आतून ५ मिमी असते

सर्वात जास्त फसगत इथे होते. निळ्या किंवा नारिंगी पीयू नळीचं माप बाहेरून सांगतात. ८ मिमीची नळी आतून साधारण ५ मिमी असते, १० मिमीची साडेसहा, १२ मिमीची ८. रबरी होज पाइपचं माप मात्र आतल्या व्यासाचं असतं. 'आठची नळी आहे की' म्हणणाऱ्याच्या गनला खरं तर ५ मिमीच्या भोकातून श्वास घ्यावा लागतो.

दाब किती पडेल हे नळीच्या आतल्या व्यासावर फार तीव्रपणे अवलंबून असतं. तेवढीच हवा न्यायची असेल आणि पाव इंची नळीऐवजी तीन सुताची (३/८ इंची) नळी घातली, तर दाबातली घट सात-साडेसात पटींनी कमी होते. व्यास दीडपट, फायदा सातपट. गॅरेजमध्ये इतक्या थोड्या पैशांत इतका फरक पाडणारी दुसरी सुधारणा क्वचितच सापडेल.

अर्ध्या इंची गनला आतून १० मिमी, म्हणजे तीन सुताची नळी घ्यावी, आणि ती दहा-पंधरा मीटरपेक्षा लांब नसावी. पाऊण इंची गनला आतून अर्धा इंच. ट्रकच्या चाकांसाठीच्या एक इंची गनला पाऊण इंच. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली नळी फक्त हवा मारायच्या गनला किंवा छोट्या स्क्रू-ड्रायव्हरला ठेवावी. ती ओढली की दोन मीटर दिसते, पण हवेला आतून पूर्ण लांबीचा प्रवास करावा लागतो.

नळी झटकन जोडायचे-तोडायचे क्विक कपलरही वाटा खातात. एका ओळीत तीन-तीन कपलर असतील तर दोन काढा. गनच्या बुडाशी थेट कपलर लावण्यापेक्षा आधी अर्धा मीटर मऊ नळी आणि मग कपलर लावावा. असं केलं की गनच्या धक्क्यांनी कपलर झिजत नाही, मनगटावरही वजन येत नाही.

## 'मग दाब वाढवू या की'

हा उपाय सगळ्यांना सुचतो. दाब ठरवणारा रेग्युलेटर ८-९ वर नेला की गन जरा जोर धरते, हे खरंच आहे. पण नळी तीच राहिली तर हवा जास्त वाहते, आणि जास्त हवेमागे घटही जास्त होते, त्यामुळे वाढवलेल्या दाबातला मोठा भाग वाटेतच जातो. कॉम्प्रेसर जास्त तापतो, वीज जास्त खातो. नळी बदलल्यावर रेग्युलेटर तसाच वर राहिला तर गनचा हॅमर अकाली तुटतो.

ग्राइंडरच्या बाबतीत हे थेट जिवावर बेतू शकतं. दाब वाढला की ग्राइंडरचे फेरे वाढतात. चाकावर छापलेल्या कमाल फेऱ्यांच्या वर गेलं तर चाक फुटतं. ग्राइंडर ६.२ बारच्या वर चालवू नये.

## पाणी येतं कुठून

कॉम्प्रेसर पाणी बनवत नाही, हवेतली वाफ पिळून काढतो. ७ बारपर्यंत दाबताना ८ घनमीटर हवा १ घनमीटरच्या जागेत कोंबली जाते. पण त्या १ घनमीटर जागेत वाफ तेवढीच मावते जेवढी साध्या १ घनमीटर हवेत मावते. उरलेल्या वाफेचं पाणी होतं.

जुलैत हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दर घनमीटर हवेत जवळपास २१ ग्रॅम वाफ असते. दाबून पुन्हा २५ अंशांवर थंड झाल्यावर तिच्यातली जेमतेम ३ ग्रॅम हवेत टिकते, १८ ग्रॅमचं पाणी होतं. २० सीएफएम देणारा कॉम्प्रेसर तासाला ३४ घनमीटर हवा दाबतो. म्हणजे तासाला ६०० मिली पाणी. दिवसात ६ तास यंत्र प्रत्यक्ष चाललं तर साडेतीन लिटर. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रतेला हाच हिशोब मांडला तर तासाला २०० मिली निघतं. पावसाळ्यात तिप्पट पाणी, म्हणून तक्रारही पावसाळ्यात.

हे पाणी गनमध्ये शिरलं की आधी वंगण धुऊन जातं. मग सिलिंडर आणि रोटर गंजतात, बेअरिंग खरखरतं, आतल्या पट्ट्या फुगून खाचेत अडकतात. शिवाय हवा गनमध्ये प्रसरण पावताना थंड होते. थंडीच्या सकाळी सतत चालणाऱ्या ग्राइंडरच्या सायलेन्सरवर याच पाण्याचा बर्फ धरतो आणि फेरे पडतात.

## 'रोज टाकीतलं पाणी सोडतो, तरी गनमधून येतंच'

टाकी सोडायलाच हवी. पावसाळ्यात दिवसातून दोनदा, इतर वेळी संध्याकाळी एकदा, टाकीत १-२ बार दाब असताना खालचा कॉक उघडावा आणि नुसती हवा येईपर्यंत धरावा. तेवढ्याने भागत नाही, कारण टाकीतली हवा चालू कामात गरमच असते. गरम हवेत वाफ टिकून राहते, पुढे पाइपात थंड होते, आणि पाणी तिथे पडतं, टाकीच्या कॉकपासून दूर.

म्हणून भिंतीवरचा पाइप नीट टाकणं महत्त्वाचं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला कॉम्प्रेसरपासून पुढे १०० ला १ असा उतार द्या. प्रत्येक फाटा मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढा आणि बाकासारखा वळवून खाली आणा, म्हणजे तळातून वाहणारं पाणी फाट्यात शिरत नाही. प्रत्येक उतरत्या पाइपच्या तळाशी हातभर लांबीचा बंद तुकडा आणि कॉक ठेवा, हवेची जोडणी त्याच्या वर घ्या. पाणी तळात साठतं, सकाळी कॉक उघडून सोडता येतं.

फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका. तिथे हवा गरम, वाफ वाफच राहते आणि सरळ पार होते. सात-आठ मीटर पुढे, कामाच्या जागेजवळ लावा. फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल देणारा लुब्रिकेटर हे तिन्ही याच क्रमाने, अंगावरच्या बाणाच्या दिशेने बसतात. फिल्टरची पारदर्शक वाटी पॉलिकार्बोनेटची असते. ती थिनर, पेट्रोल किंवा रॉकेलने कधीही धुऊ नका. तडे दिसत नाहीत आणि एक दिवस दाबाखाली ती फुटते. साबणाचं पाणी पुरतं. वाटीतलं पाणी वरच्या खुणेपर्यंत चढू द्यायचं नाही, त्यापुढे फिल्टर ते पुन्हा हवेत उडवतो.

ड्रायर लागतो का? पेंटचं काम, सीएनसी मशीन किंवा बारीक न्यूमॅटिक सिलिंडर असतील तर हो. नुसत्या इम्पॅक्ट गनसाठी उतार, फाटे आणि एक चांगला फिल्टर पुरेसा आहे.

एक ताकीद ठळकपणे देतो. शेतासाठी आणलेला पीव्हीसी पाइप उरलाय म्हणून तो हवेच्या लाइनला घालू नका. पाण्याचा दाब सहन करणारा पीव्हीसी हवेखाली फुटतो तेव्हा त्याच्या धारदार ठिकऱ्या उडतात.

## तेल: कोणतं आणि किती

हवेच्या मोटरला पातळ तेल लागतं. 'एअर टूल ऑइल' नावाने मिळणारं किंवा ३२ ग्रेडचं हायड्रॉलिक ऑइल चालतं. हाताने घालायचं तर सकाळी कामाला लावण्याआधी चार-पाच थेंब आणि जेवणानंतर पुन्हा तेवढेच, हवेच्या तोंडातून. मग काही सेकंद रिकामी चालवायची. लुब्रिकेटर असेल तर दर १० सीएफएममागे मिनिटाला १ थेंब असा बेत ठेवावा आणि तो हत्यारापासून तीन-चार मीटरच्या आत असावा, नाहीतर तेलाचं धुकं नळीतच बसतं. प्रमाण बरोबर आहे का हे पाहायला हवा बाहेर पडते तिथे पांढरा कागद अर्धा मिनिट धरा. हलकी तेलकट छटा आली तर ठीक. कागद कोरडा राहिला तर तेल कमी, ओघळ आला तर जास्त.

इंजिन ऑइल घालू नये. ते जाड असतं, पट्ट्या खाचेत चिकटतात, थंडीत तर जास्तच. गंज सोडवायचा फवारा हे वंगण नव्हे. तो काही वेळात उडून जातो आणि असलेलं तेलही धुऊन नेतो. डिझेल किंवा रॉकेल तोंडातून घालून गन 'साफ' करायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. हॅमरचं ग्रीस पातळ होऊन निघून जातं, आणि बाहेर पडणारं धुकं पेट घेणारं असतं, तेही शेजारी वेल्डिंग चालू असलेल्या शेडमध्ये.

'कॉम्प्रेसरमधूनच तेल येतं की, वेगळं कशाला?' असंही म्हणतात. कॉम्प्रेसरमधून येणारं तेल जळलेलं, काजळी आणि पाणी मिसळलेलं असतं. ते गनमध्ये चिकट थर धरतं. हवेसोबत तेल दिसायला लागलं असेल तर पिस्टन रिंगा झिजल्याची ती खूण आहे.

पेंटची गन आणि टायरमध्ये हवा भरायची नळी यांना लुब्रिकेटरच्या आधीचा फाटा द्या. तेलाचा एक थेंब रंगाच्या थराला डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे पाडतो. लुब्रिकेटरमधून गेलेली नळी नंतर पेंटला वापरू नये, आतलं तेल महिनोन्महिने येत राहतं.

## आता गन खोलू या

हवा बरोबर निघाली, तरी गन मारत नाही. इम्पॅक्ट गनमध्ये दोन भाग असतात. मागे हवेची मोटर: सिलिंडर, त्यात जरा एका बाजूला बसवलेला रोटर, रोटरच्या खाचांत सरकणाऱ्या बहुधा सहा पट्ट्या. या पट्ट्यांना व्हेन म्हणतात. पुढे हॅमर, जो गोटी (नटावर बसणारा सॉकेट) अडकवायच्या चौकोनी दांड्यावर ठोके देतो.

खोलण्याआधी तीन गोष्टी बघा. हवेच्या तोंडात बारीक जाळी असते. ती टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि नळीच्या रबराची साल यांनी भरलेली सापडते. काढून धुवा. यापुढे टेप गुंडाळताना पहिले दोन आटे मोकळे सोडा, म्हणजे तुकडे आत जाणार नाहीत. दुसरं, सायलेन्सर काढून गन क्षणभर चालवा. फेरे एकदम वाढले तर सायलेन्सर चोंदलेला आहे. तिसरं, गोटी. झिजलेल्या चौकोनाची गोटी आणि लांब एक्स्टेंशन ठोक्याचा जोर स्वतःच पिऊन टाकतात. इम्पॅक्टसाठी काळ्या जाड भिंतीची गोटीच घ्यावी, चकचकीत क्रोमची फुटते.

यानंतर लक्षणं पाहा. हवा भुसभुस निघून जाते पण गन फिरतच नाही, तर व्हेन अडकल्या आहेत. तोंडातून दहा-बारा थेंब तेल घाला, हवा तोडलेल्या अवस्थेत दांडा हाताने दोन्हीकडे फिरवा, दहा मिनिटं ठेवा, मग कमी दाबावर उलट-सुलट चालवा. बऱ्याच गन यानेच सुटतात, विशेषतः महिनाभर न वापरलेल्या.

मोकळी जोरात फिरते पण नटावर ठोके पडत नाहीत, तर मोटर ठीक आहे आणि हॅमर किंवा त्याची पिन गेली आहे. मोकळीच मंद फिरते, तर व्हेन झिजल्या असतील. आवळताना जोरात आणि सोडताना मंद, किंवा याच्या उलट, असेल तर दिशा बदलणारा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. काही गनना फक्त आवळण्याची ताकद कमी करणारा खटका असतो, तो आधी पाहा. घोडा सोडल्यावरही हवा सुसवत राहते, तर घोड्याच्या व्हॉल्व्हची ओ-रिंग फाटली आहे किंवा बैठकीवर कचरा आहे.

व्हेन बदलताना एक-दोन नकोत, पूर्ण संच बदला. जुनी व्हेन नव्याशेजारी ठेवली की उंचीतला फरक डोळ्यांना दिसतो. कडा चिरलेली किंवा थर सुटलेले असतील तर उंची बरोबर असूनही ती गेली. जुनी कशी बसली होती ते काढतानाच पाहून ठेवा, गोलाई किंवा उताराची कड सिलिंडरच्या भिंतीकडे येते. भाग रॉकेलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, व्हेन आणि खाचांना तेल लावा. शेवटच्या झाकणाच्या चकत्यांवर खोल ओरखडे असतील तर नव्या व्हेन घालूनही हवा बाजूने निसटेल. हॅमरला ग्रीसचा पातळ थर पुरतो. ठासून भरलेलं ग्रीस हॅमरचा वेग मारतं. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्या आणि दर फेरीला दांडा हाताने फिरवून बघा. एका अंगाने आवळलं की रोटर घासतो.

ग्राइंडर आणि सँडरला हेच लागू आहे, फक्त हॅमर नाही. त्यांचं बेअरिंग आधी जातं, कारण धूळ तिथेच असते. स्पिंडल बोटाने हलवून खडखड जाणवली तर व्हेनवर पैसे घालण्याआधी बेअरिंग बदला.

## कॉम्प्रेसरच्या खोड्या

टाकी भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का, हे महिन्यातून एकदा घड्याळ लावून बघावं. रिकाम्या टाकीपासून बंद होईपर्यंतची मिनिटं भिंतीवर लिहून ठेवा. वेळ वाढत चालला तर क्रमाने हवेचा फिल्टर, बेल्ट, मग हेडमधल्या व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवरची काजळी तपासा. सांगलीत हळदीच्या किंवा भुशाच्या कामाशेजारी, किंवा जत-आटपाडीकडच्या फुफाट्यात, हवेचा फिल्टर आठवड्याला झटकावा लागतो. दोन-तीन महिने थांबून चालत नाही.

मोटर बंद झाल्यावर प्रेशर स्विचपाशी एकदा फुस्स होणं योग्य आहे. फुसफुस चालूच राहिली तर टाकीच्या तोंडाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा मागे न येऊ देणारा) गळतो. स्विच बदलून उपयोग नाही. व्हॉल्व्ह काढण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा.

कृष्णेच्या पुराने २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीतली किती शेडं बुडाली हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्यात गेलेला कॉम्प्रेसर सुकला म्हणून चालू करू नये. मोटरचं वाइंडिंग वाळवून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या. क्रँककेसमधलं दुधाळ तेल काढा, आत एकदा नवं तेल फिरवून तेही काढा, मग भरा. हेड खोलून सिलिंडरमधला गाळ पुसा. गाळाचा एक कण भिंतीवर कायमचा ओरखडा पाडतो. टाकी आतून धुऊन तळ कोरडा करा.

## 'थोडी गळती चालायचीच'

७ बारवर १ मिमीच्या भोकातून मिनिटाला सुमारे दोन घनफूट हवा जाते. म्हणजे अर्ध्या एचपीहून जास्त ताकद अखंड बाहेर. मोजायची पद्धत सोपी आहे. संध्याकाळी सगळी हत्यारं बंद, लाइन उघडी, कॉम्प्रेसर बंद ठेवा. ५०० लिटरची टाकी ७ वरून ६ बारवर १० मिनिटांत आली तर ५०० लिटर हवा गेली, मिनिटाला ५० लिटर, पावणेदोन सीएफएम. मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून तेच पुन्हा करा. दाब टिकला तर गळती लाइनमध्ये आहे. साबणाचा फेस आधी कपलर आणि क्लिपांना लावा, सरळ पाइपाला शेवटी.

## जिवाशी गाठ

गोटी किंवा चाक बदलताना नळी तोडायची, घोड्यावरून नुसतं बोट काढणं पुरेसं नाही. कपडे झटकायला हवा अंगावर मारू नये. दाबाची हवा कातडीतल्या जखमेतून रक्तात शिरू शकते. साफसफाईच्या गनला दाब २ बारच्या आत ठेवावा. कानात प्लग हवेत, कारण चालू इम्पॅक्ट गनचा आवाज कानाला रोज थोडं थोडं नुकसान करतो. चाकाचे नट गनने जवळ आणून शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला द्यावा.

टाकीचा गंज आतून, तळातून लागतो, जिथे पाणी उभं राहतं. बाहेरचा रंग चांगला दिसतो. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ मध्ये दाबावर चालणाऱ्या यंत्रसामग्रीची तरतूद होती. ज्या गॅरेजला कारखान्यांचा कायदा लागू होत नाही, त्यानेही ओळखीच्या कारखान्यात तपासणीला येणाऱ्या सक्षम व्यक्तीकडून पत्र्याची जाडी मोजून आणि पाण्याने दाबचाचणी करून घ्यावी. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग महिन्यातून एकदा ओढून तो मोकळा आहे का पाहावं. गळणाऱ्या टाकीवर वेल्डिंगचं ठिगळ लावू नये. एका जागी भोक पडलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही तितकाच खाल्लेला असतो. अशी टाकी भंगारात द्यावी, आणि देण्याआधी तिला मोठं भोक पाडावं, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये पुन्हा कॉम्प्रेसरखाली बसणार नाही.